इंदरदा शिदोरी नेतो

इंदरदा चहात मीठ आधी टाकायचा, चव नंतर बघायचा.

चिलगोजे एका हाताने सोलायचा. टरफलं खिशात ठेवायचा, दुसऱ्याच्या अंगणात टाकायचा नाही.

झऱ्यावर पाणी प्यायच्या आधी टोपी काढायचा.

वाटेतला सैल दगड उचलून बांधात बसवायचा आणि पायाने दाबून बघायचा.

कुणाकडे जायचं असलं की दोन घरं अलीकडूनच खोकायचा.

मी शिमल्याला एम.ए. करतो म्हणून मला एमे म्हणायचा, आणि सुट्टीत आलो की विचारायचा, "वाचून झालं का सगळं?" मी नाही म्हटलं की त्याला बरं वाटायचं.

इंदरसेन नेगी. आमच्या थुमरंग गावात त्याची थोडी सफरचंदाची झाडं होती आणि आई होती. मग आई गेली, झाडं राहिली. लग्न त्याने केलं नाही. माझ्याहून तो बराच मोठा, पण गावात मला मित्र म्हणावा असा तोच. फुलैचच्या सणाला फुलं आणायला जे पुरुष कंड्यावर, वरच्या कुरणावर जातात, त्यांत तो दरवर्षी असायचा.

वरून ब्रह्मकमळं येतात. आधी देवतेला, मग टोपीत खोवायला. पण वर जाताना हात रिकामे नसतात. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, ते शिदोरी देतात. गेलेल्याला आवडायचं ते: ओगल्याच्या पिठाची धिरडी, सुकं मांस, अंगुरी दारूची लहानशी बाटली. कंड्यावर दगडांची रास आहे. तिथे शिदोरी ठेवायची, माणसाला नावाने हाक मारायची आणि मागे न बघता फुलं खुडायला लागायचं. त्या हाकेनंतर माणूस आमच्यासाठी गेलेला. खाली आलं की घरच्यांच्या टोपीत फूल खोवतात आणि सुतक सरतं. तोवर त्या घरात लग्न होत नाही.

दारातून ज्याने शिदोरी घेतली त्यानेच ती वर ठेवायची. हात बदलायचा नाही, जमिनीला टेकवायची नाही. ज्या घरात पुरुष नाही, त्या घरची इंदरदा न्यायचा.

हिरासरनी वहिनीच्या घरात पुरुष नव्हता. तिचा नवरा पदमदास मेंढ्या घेऊन खिंडीपलीकडे गेला, तेव्हा त्यांची मुलगी छेरिंग रांगत होती. खिंडीत बर्फ लवकर पडलं. अर्ध्या मेंढ्या परत आल्या. पदमदास आला नाही. त्याचा जोडाही सापडला नाही.

वहिनीने शिदोरी दिली नाही. "जित्या माणसाचं जेवण वर कशाला पाठवू?" म्हणाली. पण टोपीत फूलही कधी खोवलं नाही. त्याचं कारण तिला कुणी विचारलं नाही.

दर फुलैचला इंदरदा तिच्या अंगणात जाऊन उभा राहायचा.

"वहिनी, काही शिजलंय?" शेजारीपाजारी ऐकतील इतक्या मोठ्याने.

"नाही."

"मग चहा तरी?"

ती चहा द्यायची. तो उभ्यानेच पिऊन वाटेला लागायचा. बाकीचे वर बांधावर थांबलेले असायचे. त्यांतले सगळ्यात म्हातारे अमीरचंद काका एकदा म्हणाले, "इंदर, अंगणात उभं राहून म्हातारा होशील. एकदा आत जा की."

"तुम्ही आत जाऊन काय तरुण राहिलात, काका?"

सगळे हसले. तोही हसला. गावाला माहीत होतं, वहिनीलाही असणार. पदमदास गेला असं ठरल्याशिवाय पुढचं काही बोलता येत नव्हतं, आणि ते ठरवणारी ती एकटीच होती.

मी त्याला विचारलं होतं, "तू तिला म्हणत का नाहीस, की आता दे म्हणून?"

"मी म्हटलं तर ते माझ्यासाठी होईल," तो म्हणाला.

यंदा छेरिंगचं लग्न जमलं. मुलगा खालच्या गावचा, चांगला. मुलाचे आजोबा बोलणी करायला आले आणि जाताना उंबऱ्यात थांबले. "मुलगी आवडली. पण तिचा बाप आहे की नाही, तेवढं एकदा ठरवा. तारीख धरू, आणि मंडपात बसायला त्याची वाट बघू, असं नको व्हायला."

छेरिंग आईला म्हणाली, "मी थांबते. मला घाई नाही."

"मी थांबले ते पुरे झालं," वहिनी म्हणाली.

फुलैचच्या सकाळी इंदरदा खोकला आणि अंगणात गेला. मी फाटकापाशी होतो.

"वहिनी, काही शिजलंय?"

"शिजलंय."

वहिनी पांढऱ्या फडक्यात बांधलेली शिदोरी घेऊन बाहेर आली. त्याने दोन्ही हात पुढे केले.

"मांस जरा कडक झालंय," ती म्हणाली. "त्यांना तसंच लागायचं."

"माहीत आहे."

"पदम म्हणून हाक मार. पदमदास म्हटलं की ते ओ देत नव्हते."

"बरं."

बांधावरून कुणीतरी ओरडलं, "काय इंदर, आज चहा नाही वाटतं?" त्याने वर पाहिलं नाही. शिदोरी छातीशी धरून चालू लागला.

भूर्जांचं रान संपलं की चढण उभी होते. मी त्याच्या मागे होतो. एरवी तो तिथे टिंगल करायचा, माझ्या बुटांची, माझ्या दमाची. त्या दिवशी गप्प होता. मग थांबला.

"एमे, छातीत भरल्यासारखं होतंय."

"शिदोरी दे इकडे."

"गप."

"बस तरी मग."

तो खडकावर बसला. शिदोरी मांडीवर, दोन्ही हातांच्या मिठीत. कपाळावर घाम होता. वारा गार होता.

"खाली गेल्यावर तिला काय सांगायचं, ते सकाळपासून जुळवतोय," तो म्हणाला. "तू शिकलेला. सांग की काहीतरी."

"काय सांगायचंय?"

"हेच, की ठेवली म्हणून. आणि मग..."

मी वाट पाहिली. मला वाटलं शब्द शोधतोय. काही वेळाने मान खाली आली, तेव्हा वाटलं, दम खातोय.

मी हाका मारल्या. पुढे गेलेले परत आले. अमीरचंद काकांनी त्याच्या नाकापाशी हात धरला आणि तसेच उकिडवे बसून राहिले.

शिदोरी त्याच्या हातांतून सोडवावी लागली. काकांनी ती आपल्या शालीत धरली, बोट लागू दिलं नाही, आणि धुपीच्या झुडपाच्या फांदीला अडकवली. "खाली न्यायची नाही," ते म्हणाले. "वर कुणी न्यायची, ते त्याच्याबरोबर गेलं." घोंगडीत घालून आम्ही त्याला उतरवला. फुलं कुणी आणली नाहीत. देवतेची पालखी यंदा फुलांशिवाय निघाली.

चितेपाशी बायका हळू आवाजात बोलत होत्या. शिदोरी पोचली नाही, म्हणजे देवतेने घेतली नाही. घेतली नाही, म्हणजे पदमदास कुठेतरी आहे. मी ऐकत होतो. समोर इंदरदा जळत होता आणि गाव दुसऱ्याच माणसाला जिवंत करत होतं.

ती कुजबुज खालच्या गावी पोचली. मुलाच्या आजोबांचा निरोप आला. पुढच्या फुलैचपर्यंत थांबू, मग बघू.

मी वहिनीकडे गेलो. ती चुलीपाशी होती. छेरिंग ओगला निवडत होती.

"वहिनी, मी नेतो. फांदीवरून काढतो आणि नेतो. नियमाचं मी बघून घेईन."

"तू दारातून घेतली होतीस का?"

मी चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसलो.

"सगळे म्हणतात ते जिवंत आहेत," ती म्हणाली.

"तुम्हाला काय वाटतं?"

"धिरडी घातली तेव्हाच मला कळलं होतं, ते नाहीत. रडू येईल वाटलं, नाही आलं. हलकं वाटलं." तिने लाकूड आत सारलं. "आता कुणाला सांगू? ज्याला सांगायचं तो खाली आलाच नाही."

छेरिंगने सूप बाजूला ठेवलं. "आई, मी थांबेन म्हटलंय ना."

"तू थांबशील गं. तुला काय झालंय थांबायला." मग माझ्याकडे वळून वहिनी म्हणाली, "पुढच्या फुलैचला इंदरची शिदोरी इथूनच जाईल. त्याच्या घरात कोण आहे करायला? ती तू ने."

"नेतो."

"त्याला खायला काय आवडायचं रे? मी त्याला कधी ताट वाढलंच नाही."



मेंढ्या उतरवून आणणारे सांगतात, शिदोरी अजून तिथेच आहे. फडकं पावसाने करडं झालंय, गाठ सुटलेली नाही. तिथून वर पाहिलं तर दगडांची रास दिसते. पदमला हाक मारायची राहिली आहे.