जिन्याचं वळण
हिरव्या बांबूचा ओला वास आला की मला सुरतेतलं आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर आठवतं. नव्वदीच्या दशकात नवागाममधली आमची झोपडी पाडली आणि बदल्यात गरिबांसाठी बांधलेल्या नव्या वसाहतीत एक खोली मिळाली. वर्षभरातच आजोबा गेले. आमच्या खानदेशात तिरडी दारासमोर बांधतात, म्हणून लूमच्या कारखान्यातून धावत आलेल्या भाऊबंदांनी ती वरच, दारासमोरच्या गॅलरीत बांधली. आजोबांना खांद्यावर घेतलं आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर तिरडी अडकली. काही केल्या वळेना. उचललेलं प्रेत परत घरात नेत नाहीत. शेवटी काकांनी सुतळ्या कापल्या आणि आजोबांना चादरीत घालून, गाठोडं उतरवावं तसं खाली उतरवलं. गुलाल भिंतीला पुसला गेला, तो कित्येक महिने तसाच होता. पुढे वसाहतीचा नकाशा काढणारे आर्किटेक्ट पाहणीला आले. घर कसं वाटतं, त्यांनी आईला हसत विचारलं. आई म्हणाली, "घर चांगलं शे, साहेब. फक्त या घरमा कोनी मराले नको." मग तिने त्यांना वळणावरचा तो गुलाल दाखवला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी मान हलवली. "जिना तर नियमाप्रमाणेच आहे," एवढं हिंदीत बोलून ते उतरले. आई आजही तिथेच राहते. आता साधा ताप आला तरी औषध मागायच्या आधी जिन्याकडे बोट दाखवून म्हणते, "माले खाले लई चला."