फडक्यानंतरचा हात

"फडकं लबाड आसतं, ताई. हात नसतो." असं म्हणत मिस्त्री लेथचा प्रत्येक भाग बसवण्याआधी दोनदा फडक्यानं पुसायचे आणि तिसऱ्यांदा उघड्या तळहातानं. कुठल्याही जुन्या फिटरला काम करताना तुम्ही पाहिलं असेल, तर ही शेवटची पुसणी तुमच्याही लक्षात असेल. लोखंडाचा केसाएवढा कीस दोन भागांत अडकला तरी मशीन वाकडं चालतं, आणि तो डोळ्यांना दिसेलच असं नाही.

नगरच्या एमआयडीसीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. मिरजगावला एक वर्कशॉप बंद पडलं, तिथला लोखंड कातायचा जुना लेथ भंगारात जाता जाता मी उचलून आणला. तो सगळा खोलून पुन्हा उभा करायला मिस्त्री तिसगावहून रोज एसटीनं येऊ लागले. डबा, चष्मा आणि स्वतःचे पाने, एवढंच सामान.

पहिल्या दिवशी मी उत्साहानं पाना उचलला.

"तुमच्या डिप्लोमात आधी हात धुवायला शिकवत न्हाईत व्हय?"

मी मुकाट्यानं नळावर गेले. काढलेला बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात सैल अडकवून ठेवायचा, ही त्यांची शिस्त. गिअर धुताना मात्र ते त्या लेथच्या आधीच्या कारागिराचा उद्धार करत. "ह्या बाबानं सगळं तेल सोताच्या डोक्याला चोपडलं. मशीनला थेंब दिला न्हाई."

दीड महिन्यानं लेथ उभा राहिला. नारळ फोडला, तोही मिस्त्रींच्या हुकमानं दाराबाहेर, पाण्यानं मशीन गंजायला नको म्हणून. मग मी एक दांडा लावून कातला आणि मोजला. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. पुन्हा कातला. तेच.

मला चांगलाच राग आला होता. तरी मी म्हणाले, "मिस्त्री, खालचा बेडच झिजला असेल." माझ्या परीनं मी त्यांना पळवाट काढून देत होते. मशीन जुनंच होतं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी माझ्यासकट कुणीही विश्वास ठेवला असता.

मिस्त्री मशीनला टेकले.

"बेडला नावं ठिवू नका. हेडस्टॉकखाली कायतरी ऱ्हायलंय. माझ्या हाताला कळलं न्हाई." मग खाली बघत म्हणाले, "शुगर हाय मला. वरीस झालं, बोटं बधिर झाल्यात. घरी बी बोललो न्हाई."

ज्यांना केवळ त्या हातांसाठी लोक लांबून बोलवायचे, त्यांनी हे आपल्या तोंडानं सांगितलं. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मला माझीच लाज वाटली.

साखळीच्या कप्पीनं हेडस्टॉक, म्हणजे दांडा फिरवणारा जड भाग, पुन्हा उचलला. मिस्त्री फडक्यानं पुसून बाजूला झाले. "आता तुमी फिरवा."

मी तळहात फिरवला. मागच्या कोपऱ्यात टोचलं. तो कीस त्यांनी चष्म्याजवळ नेऊन पाहिला. "हा व्हय," एवढंच म्हणाले.

या खेपेला दांडा दोन्ही टोकांना सारखा निघाला. मी टाळ्याच वाजवल्या. त्यांनी आपले पाने घासलेटनं धुतले, कोरडे केले आणि माझ्या टेबलावर ठेवून संध्याकाळच्या एसटीनं गेले. पाने न्यायला ते परत आले नाहीत.

वर्षभरानं दुसरा लेथ आला तेव्हा मी तिसगावला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "हात लावू नका. खुर्चीत बसून नुसतं सांगा."

"सांगून व्हत न्हाई ते, ताई. आन तुमाला येतंय की आता."

मी हट्ट धरणार होते, तेवढ्यात सुनेनं तीन महिन्यांची नात आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी दोन्ही हातांची बोटं मिटून घेतली आणि मनगटाची आतली बाजू हळूच तिच्या गालाला टेकवली.

"हितं कळतंय आजून," ते म्हणाले.