काळी दोनची पट्टी

१९९५ सालच्या हिवाळ्यात, नगरमधल्या आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही तिघांनी एका ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बममधलं गाणं वाजवायला घेतलं. ते पहिल्याच कडव्यात थांबलं.

अल्बम त्याच वर्षी आला होता. आमच्याकडे पुण्याहून भरून आणलेली कॅसेट होती. गाणी जेमतेम अडीच मिनिटांची. गिटार कोरडी, तुटक. मध्येच सिंथेसायझरची एखादी छोटी धून. रद्दीत मिळालेल्या एका इंग्रजी मासिकात लिहिलं होतं की हा बँड पंधरा वर्षांपूर्वीच्या न्यू वेव्ह रॉकची उचलेगिरी करतो. ती जुनी न्यू वेव्ह आम्ही ऐकलेली नव्हती. आमच्यासाठी सगळं नवंच होतं.

गिटार माझी. गाणारी आमच्याच वर्गातली. सिंथेसायझरच्या जागी कॅसिओ, आणि तो वाजवणारा माझा केडगावचा मित्र. कॅसिओ त्याच्या मामांच्या भीमगीत पार्टीचा होता. मामा एमआयडीसीत फिटर आणि पार्टीचे मुख्य गायक.

गॅदरिंगमध्ये पहिला येणारा आयटम पुण्याच्या स्पर्धेला जाणार होता. त्याच दिवशी पार्टीचा कोपरगावला कार्यक्रम होता. मित्राला पुण्याला जायचं होतं. केडगावबाहेर तो तोवर फक्त मामांच्या मागे बसूनच वाजवत आला होता. मामा म्हणाले, "पयला नंबर आन. मंग कोपरगावला आमी पेटीवर भागवू."

मामांची गायची पट्टी काळी दोन. मित्र मात्र प्रत्येक गाणं पांढरी एकपासून वाजवायला शिकला होता. कॅसिओवर सूर वर-खाली करायचा एक सरकता खटका होता. तो तीन घरं वर ठेवला की बोटं पांढरी एकवर पडत आणि आवाज काळी दोनचा निघे. कुणाचा हात लागू नये म्हणून मामांनी त्यावर चिकटपट्टी लावली होती. इंग्रजी गाणंही मित्राने त्याच खटक्यावर बसवलं. कॅसेटशी आणि माझ्या गिटारशी ते बरोबर जुळत होतं.

गॅदरिंगच्या दिवशी मामा स्वतः रिक्षाने कॅसिओ घेऊन आले आणि दुसऱ्या रांगेत बसले. सुरुवातीची धून एकट्या कॅसिओची होती. ती नीट झाली. मग माझी गिटार सुरू झाली आणि दोन्हींचे सूर वेगवेगळे निघाले. गाणारीने दोन ओळी कशाबशा म्हटल्या, माझ्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

मागून कुणीतरी ओरडलं, "कॅसेट गुंतली रे! पेन्सिल द्या!"

सगळा हॉल हसला. मित्र खाली वाकून कॅसिओ पाहत होता. चिकटपट्टी नव्हती. मामा उभे राहिले.

"खटका वर घे! तीन घरं!"

त्याने खटका सरकवला. आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाजवलं आणि गाणं पूर्ण केलं. टाळ्या पडल्या. पण मध्ये थांबलेला आयटम स्पर्धेतून बाद, असा नियम होता. परीक्षकांनी तो माइकवरून वाचून दाखवला. पहिला नंबर कोळीनृत्याला गेला.

स्टेजमागे मित्राने विचारलं, "मामा, पट्टी कुणी काढली?"

"मीच. इंग्रजी गानं ते, माझ्या पट्टीत कसं बसंल? म्हनलं, कंपनीतून आल्ता तसा सरळ करून द्यावा."

"अहो, मी त्याच्यावरच बसवलं होतं."

"मंग आदी सांगायचं न्हाई व्हय?"

मामांनी कॅसिओ चादरीत गुंडाळला. खिशातून चिकटपट्टीचा नवा तुकडा काढून मित्राच्या हातात दिला.

पुण्याला कोळीनृत्य गेलं. त्याच दिवशी मी पार्टीच्या टेम्पोतून कोपरगावला गेलो. तिसऱ्या भीमगीताच्या दोन कडव्यांमध्ये मित्राने त्या इंग्रजी गाण्याची सुरुवातीची धून वाजवली. खटका तीन घरं वर होता. मामांनी एकदा मागे वळून पाहिलं. ढोलकीवाल्याला थांबायची खूण केली, धून पुन्हा एकदा वाजू दिली आणि पुढचं कडवं सुरू केलं.