सोळा खटके आणि काळा पापड

रात्री वीज तोडली की आमच्या कारखान्यातला संगणक सगळं विसरायचा आणि रोज सकाळी कोरा करकरीत उठायचा. त्याच्या तोंडावर सोळा खटक्यांची रांग होती. ते ठरलेल्या क्रमानं वर-खाली करून बाहेरून दिलेलं काही वाचायचं कसं हे त्याला आधी शिकवावं लागे, मग साहेबमजकूर कामाला लागत. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी लोणावळ्याहून गाडीनं घोरावाडीला उतरून दहाच्या सुमारास कामावर पोचायचो. इंजिनिअर असल्यामुळे उशीर मला शोभून दिसायचा.

तोवर यंत्र सुरू झालेलं असे, कारण साडेआठलाच भाऊ ते सुरू करत. भाऊ म्हणजे आंदर मावळातले आमचे पन्नाशीचे शिपाई. कागदोपत्री त्यांचं काम पाणी देणं आणि धूळ पुसणं. यंत्रावर चिकटवलेल्या कागदावरच्या खुणा बघत खटके पाडता पाडता त्यांना सगळा क्रम पाठ झाला होता. सात वर्षं ते हंगामी होते. त्या वर्षी त्यांनी अर्ज केला, यंत्र मी सुरू करतो तर मला कायम करा.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांचं पित्त खवळलं. "शिपाई संगणक सुरू करतो हे मुंबईच्या मुख्य कचेरीला कळलं तर आपली अब्रू काय राहील?" मला हुकूम सुटला, घातली की यंत्र आपसूक सुरू होईल अशी फ्लॉपी बनवा.

फ्लॉपी तेव्हा ताटलीएवढी असे. मी दहा दिवस खपून तिच्यात अख्खी प्रणाली भरली, शिवाय त्या कागदावरचे खटकेही भरले. आता सगळंच आत आहे म्हटल्यावर साहेबांनी यंत्रावरचा तो कळकट कागद फाडून टाकला. रोज दहानंतर मी यंत्र थांबवायचो, फ्लॉपी घालायचो, की ते झोकात सुरू व्हायचं. उगाच बिघडायला नको म्हणून या चाचणीत वीज मात्र कधी तोडली नाही.

"दादा," भाऊंनी एकदा विचारलं, "ह्यो काळा पापड आला म्हंजी माजं काम जानार न्हवं?"

"छे हो भाऊ! तुमच्याशिवाय कसं चालेल?" मी म्हणालो. मला तेव्हाच पक्कं ठाऊक होतं, की जाणार.

शनिवारी भाऊंना घरी बसवलं. सोमवारी फ्लॉपीची करामत बघायला मुंबईचे पाहुणे हारतुऱ्यांसह खुर्च्यांवर बसले. मी ऐटीत फ्लॉपी घातली. यंत्र ढिम्म. पुन्हा घातली. ढिम्मच. मग माझ्या लक्षात आलं. फ्लॉपी वाचायची कशी हे यंत्राला रोज साडेआठला भाऊच शिकवत होते. मी ते शहाणपण फ्लॉपीतच कोंडलं होतं, म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप लावलं होतं. खटक्यांचा क्रम छापलेलं यंत्राचं मूळ पुस्तक मुंबईच्या कपाटात होतं आणि कपाटाचा मालक रजेवर. पाहुण्यांना लोणावळ्याची हवा खायला पाठवलं आणि मला आंदर मावळात.

एसटीनं अर्ध्या वाटेत सोडलं. पुढे दोन तास चिखल तुडवत गेलो. भाऊ भाताची आवणी करत होते. मी बांधावरून सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"येतो की," रोप खोवत ते म्हणाले. "पन आदी कायमचा कागद घिऊन या."

तसाच उलटा फिरलो. सात वर्षं न झालेली सही साहेबांनी उभ्या उभ्या केली. मी पुन्हा जाऊन कागद भाऊंच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी जन्मात पहिल्यांदा वेळेवर हजर होतो, वही उघडून, पेन काढून. पूर्वी भाऊ मला हौसेनं बोलवायचे, "दादा, बगा तरी, लय सोपं हाय." मी कधी बघितलं नव्हतं. आज त्यांनी खटक्यांसमोर पाठ आडवी धरली.

"तुमी भायेर थांबा, साहेब."

वही मिटून मी बाहेर आलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून खटक्यांचा आवाज येत होता. त्यानंतर भाऊंनी मला पुन्हा कधी दादा म्हटलं नाही.