पांढरा पंधरवडा

पुनवकाकीला तिच्या सख्ख्या दिराने फसवले आणि गावच्या पंचांनी ते उघड्या डोळ्यांनी होऊ दिले. हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण गावात ही गोष्ट अजून कुजबुजत सांगतात आणि मला कुजबुज जमत नाही.

रेवदंड्याकडे आमच्या खाडीत चिखलाचा एक मोठा पट्टा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला तो उघडा पडतो आणि बिळांतून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढता येतात. हा पट्टा काकीचा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ धाकू या दोघांचा. नवरा वादळात गेला तेव्हा वाटणीसाठी पंच बसले. धाकू म्हणाला, "वयनी बाईमानूस. उजेडाचा पांढरा पंधरवडा तिला द्या, काळोखाचा मी घेतो." सगळ्यांनी माना डोलावल्या, काय मनाचा मोठा! पण खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते की अमावास्येची चिंबोरी मांसाने गच्च भरलेली असते आणि पौर्णिमेची पोकळ. म्हणूनच गावात रीत होती, की असे वाटलेले पंधरवडे दर नारळी पौर्णिमेला पालटायचे. धाकूने पंचांसमोर त्याला हो म्हटले. तो पालट कधी झालाच नाही.

पुनवकाकी हे नाव गावाने तिच्या पौर्णिमेच्या वाट्यावरून चिडवायला पाडले होते. तिने ते पदरासारखे कमरेला खोचले आणि कामाला लागली.

मी पालीकडचा. डोक्यावरून तांदूळ विकायला किनाऱ्यावर आलो आणि मासळीचा व्यापारी होऊन बसलो. कोणाचे बोट धरून नव्हे. मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची गोष्ट. बाजारात काकीच्या पाटीतली चिंबोरी उचलून मी तिचे पोट दाबले आणि भाव पाडायला तोंड वाकडे केले. काकी म्हणाली, "तोंड कशाला वाकडं करतोस, पालीकरा? पोकळ हाय. मी कुठं भरलेली म्हनते?" आणि मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "घ्या, पंचांनी दिलेली पोकळ चिंबोरी घ्या!" शेजारी पंचांतले मुख्य, गावचे पाटील, नारळ वाजवून बघत होते. ते नारळ न घेताच चालते झाले. त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा घासाघीस न करता माल उचलला.

तिचे सारे दिवस चंद्रावर चालत. बीजेची कोर सूर्यामागोमाग बुडते, पौर्णिमेचा चंद्र सूर्य बुडताना डोंगरावरून वर येतो, हे मला माहीत होते. पण शुद्ध अष्टमीचा चंद्र भर दुपारी उगवतो हे तिने मला हात धरून दाखवले. तोवर मी चंद्र रात्रीचाच समजत होतो. अष्टमीला पाणी फारसे हटत नाही, पट्टा झाकलेलाच राहतो. त्या दिवसांत ती अंगणात बसून जाळी सांधायची आणि आभाळाकडे बघून म्हणायची, "घटतो, वाढतो, उशिरा येतो, पन पालट चुकवत न्हाय. आमच्या भावजीला एवढंबी जमंना."

अमावास्या सरली तरी दोन-चार दिवस चिंबोरी भरलेली असते. काकीच्या वाट्याला खरे तर एवढेच चार घास. धाकूला तेही सलायचे. "कोर दिसल्याबिगर पंधरवडा तुझा न्हाय," असा त्याचा हेका. पावसाळ्यात ढग आले की तो कोर दिसलीच नाही म्हणून पट्ट्यावर बसून राही. "ढगामागं चंद्र मेला काय रे?" काकी बांधावरून विचारायची. पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि धाकूला जोर चढला. एका बीजेच्या संध्याकाळी मी माल न्यायला बांधावर उभा होतो. काकी पट्ट्यावरच्या धाकूला म्हणाली, "कोर दिसली. ऊठ."

"तुला समोरचा मानूस दिसत न्हाय, वयनी. कोर कुठची दिसते?"

"मग तू बघ. चांदोबाकडं तोंड कर आनि न्हाय म्हन."

धाकूने समुद्राकडे पाहिले. पाण्यावर नखाएवढी कोर होती. मग पाटी उचलून म्हणाला, "हाय." काकी हसली. "बघ पालीकरा, भावजीचे डोळे चांगले हायत. पाटलाचेच गेलेत."

दर नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडले, डोंगरावर चंद्र आला, की ती पाटलांच्या ओट्यावर एक पोकळ चिंबोरी ठेवायची. "पाटील, पालट."

"पुढल्या साली बघू."

"बघा. पुढल्या साली चिंबोरीबी अशीच आनीन."

आणि आणायची. शेवटी शेवटी लेकीचा, हिराचा हात धरून गेली, पण गेली.

यंदा उन्हाळ्यात एका अमावास्येला काकी वारली. धाकू पट्ट्यावर होता. चिखलाच्या पायांनी धावत आला आणि त्याने खांदा दिला, हे मी नाकारत नाही. पण तेरावा होण्याआधी पांढऱ्या पंधरवड्यातही त्याचीच पाटी चिखलात उतरली. हिरा पंचांकडे गेली तर म्हणाले, लेकीला पट्टा नसतो. मी तोंड उघडले तर म्हणाले, "तू पालीकडचा. आमच्यात तुझं काय?"

माझे काय? मी त्या बाईच्या पोकळ चिंबोऱ्या विकून माणसात आलो, ते माझे.

नारळी पौर्णिमा जवळ आली आहे. चंद्र डोंगरावर येईल तेव्हा, पाटील, हिरा तुमच्या ओट्यावर उभी असेल आणि तिच्यामागे मी. चिंबोरीही असेल. पाटील, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू नाही. आईच्या हक्काचा काळोख तुम्ही इतकी वर्षे धाकूला दिलात, तो लेकीला कधी देणार? या खेपेला पुढले साल सांगू नका. बोला.