थॉरची वाटी

हल्ली मला माझ्या आठवणींची खात्री देता येत नाही. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘पुरावा काय?’ असं विचारत आलो, आणि आता माझ्याकडेच तो नाही. पण वरच्या खोलीतले गुरुवार आठवले की एका किश्शाला धरून दुसरा येतोच. क्रम चुकला तर सांभाळून घ्या.

शहराला तेव्हा सगळे म्हैसूरच म्हणत. बोगादीतल्या आमच्या घराची वरची खोली इन्ग्रिडनं भाड्यानं घेतली. ती नॉर्वेची, योग शिकायला आलेली. ख्रिस्ती धर्माच्या आधीचे तिकडचे जुने देव पुन्हा भजणाऱ्यांपैकी. पाण्याची वेळ, गीझर, काही विचारलं नाही. म्हणाली, “माझे देव ठेवले तर चालतील?”

माझ्या बायकोनं, सुशीलानं विचारलं, “किती आहेत?”

“तीन.”

“तीनच? अय्यो, ठेव की. आमचे एका कपाटात मावेनात.”

*

थॉर हा त्यांचा मेघगर्जनेचा देव, आणि गुरुवार त्याचा वार. त्या दिवशी संध्याकाळी इन्ग्रिड, मी आणि बँकेतून रिटायर झालेला माझा मित्र रंगस्वामी वर जमायचो. पहिल्याच दिवशी रंगस्वामीनं डोळे मिटून मुलाच्या व्हिसाचं साकडं घातलं. इन्ग्रिड हळूच म्हणाली, “अंकल, आजच भेटलात ना? आधी ओळख तर होऊ दे.”

पुढच्या गुरुवारी तो म्हैसूरपाक घेऊन आला. “ओळखीसाठी!” व्हिसाचं नाव त्यानं वर्षभर काढलं नाही.

*

माझी चूक मोठी. थॉर म्हणजे आपला इंद्रच, यावर मी अर्धा तास व्याख्यान दिलं. वज्र, हातोडा, सगळं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सर, तुम्हाला कुणी रोज तुमच्या चुलतभावाच्या नावानं हाक मारली तर?”

त्या खोलीत मी पुन्हा इंद्राचं नाव घेतलं नाही. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवताना मी आणखी कुणाकुणाला असं एका माळेत ओवलं असेल, ही धास्ती मात्र अजून आहे.

*

देवांना अर्पण करून शिंगातून मद्य फिरवायचं, ही त्यांची रीत. सुशीलानं स्पष्ट सांगितलं, “घरात दारू बेड. नकोच.” आता भांडण होणार, असं मला वाटलं. इन्ग्रिड म्हणाली, देवही इथे पाहुणेच आहेत, घरचा नियम त्यांनाही. तेव्हापासून म्हशीच्या शिंगातून कढीपत्ता घातलेलं ताक फिरू लागलं.

शिंग हातात धरून दिलेला शब्द मोडला, तर त्याचा भार तिथे बसलेल्या सगळ्यांवर येतो, असं ती सांगायची. रंगस्वामी तपकीर कायमची सोडायला निघाला, तर तिनं अडवलं, “लहान बोला.” शेवटी त्यानं फक्त गुरुवारची सोडली. आणि मी? दोन वर्षं शिंग मुकाट्यानं पुढे देत राहिलो.

*

ती परत जायला निघाली त्या गुरुवारी मात्र बोललो. अंगणातल्या फणसाखाली तिनं थॉरच्या नैवेद्यासाठी पितळी वाटी ठेवली होती. “मी या घरात आहे तोवर दर गुरुवारी त्या वाटीत दूध घालीन.”

खाली आल्यावर सुशीलानं ऐकवलं, “सुम्ने, उगीच कशाला बोललात? घरच्या तुळशीला कधी तांब्याभर पाणी घातलंय?”

चार वर्षं घातलं. मग माझं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि जखम चिघळली. सहा आठवडे हॉस्पिटलात, सुशीला सोबतीला. सहा गुरुवार चुकले. माझ्या मोडलेल्या शब्दाचा भार तिकडे इन्ग्रिडवर आणि इथे रंगस्वामीवर पडणार, या विचारानं झोप लागेना. सुशीलाला सांगायची लाज वाटली.

घरी आल्यावर आधी फणसाखाली गेलो. वाटी स्वच्छ. धूळ नाही, पाचोळा नाही. सुशीला म्हणाली, “मांजर चाटत असेल.” मी इन्ग्रिडला माफीचं लांबलचक पत्र लिहिलं. तिचं समजुतीचं उत्तर आलं, पण मला पटलं नाही.

*

त्या सहा आठवड्यांत घराची किल्ली शेजारच्या जयम्मांकडे होती. बऱ्याच वर्षांनी, त्यांच्याकडे कॉफी घेताना, धीर करून विचारलं, तेव्हा घरी कुणी यायचं का. त्या म्हणाल्या, सुशीला दर गुरुवारी दुपारी बसनं यायची, पाच मिनिटं थांबायची आणि तशीच हॉस्पिटलात परत जायची.

“विचारलं तर म्हणायची, तुळशीला पाणी घालायला आले.”

“मग?”

“मग काय, सर? तुळशीला रोज मीच पाणी घालत होते की.”