लक्ष्मीचा संशय आणि मनास्लूचा शेंडा

लक्ष्मीचा विश्वास असा कुणावरच नव्हता. बांगड्याचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय ती भाव बोलत नसे, आणि डॉक्टरने दिलेली गोळी आधी शेजारणीला दाखवून मगच गिळी. गावात तिच्या या स्वभावाची थट्टा होई. आता मात्र तिची स्वतःची लेकच संशयात सापडली होती.

तेजस्वी कणकवलीच्या शाळेत पोरांना खेळ शिकवते. यंदा ती नेपाळात मनास्लूवर गेली होती, जगातल्या सगळ्यात उंच डोंगरांपैकी एकावर. परत आली ती काळवंडून, नाकाची सालं निघालेली, आणि तोंडाला कुलूप. गावाच्या नाक्यावर तिचा भलामोठा बॅनर लागला, 'मनास्लू सर करणारी आपली लेक'. तो बघितल्यापासून पोरगी स्कूटर मागच्या पाणंदीने नेऊ लागली. लक्ष्मीच्या मनात पाल चुकचुकली.

"डोंगरावयलो फोटो दाखव गो," ती म्हणाली.

तेजस्वीने नाइलाजाने मोबाइल पुढे केला. फोटोत तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, हातात झेंडा. पण लेकीच्या डोक्यामागे बर्फाची एक धार आणखी वर चढत गेली होती. आंब्याच्या कलमाच्या शेंड्यावर चढलेल्या माणसामागे नुसतं आभाळ दिसतं, एवढं लक्ष्मीला कळत होतं.

"ह्या मागे काय आसा?"

"डोंगर."

"मगे तू खंय आसस?"

"आये, जेवूक वाढ."

टाळल्यान! लक्ष्मीचा जीव जळला. पोटची पोर फुकटचा मान पचवते आहे! त्यात रविवारी ग्रामदेवतेच्या देवळात तिच्यासाठी गाऱ्हाणं ठरलं होतं: मानकरी गावकार देवाला विनवणार आणि सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून हुंकार भरणार. चारचौघांत मारलेली थाप एकवेळ खपेल, पण देवासमोर खोट्याला हुंकार भरला तर ते घराला भोवणार, याबद्दल लक्ष्मीला तिळमात्र शंका नव्हती.

रविवारी महादू गावकाराने नारळ हातात धरला. "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकीन मनास्लूच्या शेंड्यार पाय ठेवल्यान. तिची अशीच राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं. लक्ष्मीचे डोळे लेकीच्या ओठांवर होते. ते हलले नाहीत.

"थांबा, महादूकाका," तेजस्वी म्हणाली. "मी शेंड्यार पोचूक नाय. समोर दिसत होतो, पण वारो सुटलो. शेरपा म्हणालो परत फिर, मी फिरलंय."

आपला संशय खरा ठरला म्हणून लक्ष्मीला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

महादूने नारळ खाली ठेवला. "मगे पाय ठेवल्यान म्हणान गावात सांगल्यान कोणी?"

तेजस्वीने मान खाली घातली. आईकडे तिने चुकूनही बघितलं नाही.

आणि लक्ष्मीच्या पायाखालची जमीन सरकली. डोंगराच्या पायथ्यावरून फोन आला तेव्हा पोरीने एवढंच सांगितलं होतं, 'आये, खाली इलंय, बरी आसंय.' ते ऐकून लक्ष्मी नवसाचा नारळ घेऊन देवळात धावली, आणि भेटेल त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत 'माझ्या चेडवान शेंडो गाठल्यान' म्हणून सांगत सुटली. लेकीला विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईचं गावात हसं होऊ नये म्हणून पोर इतके दिवस गप्प बसली होती, आणि आई तिच्यावरच पाळत ठेवून होती. लक्ष्मीला स्वतःची अतोनात लाज वाटली. ती रडतच देवासमोर गेली.

"मीच सांगलंय, म्हाराजा."

यावर 'व्हय म्हाराजा' म्हणावं की नाही, ते देवळात कुणालाच कळेना.